नंदकिशोररावांची सळई

सुभाष तेंडोलकरने नंदकिशोर पाटण्यांना पहिल्यांदा पाहिलं ते पाठीमागून, आणि तेही अर्धंच. उरलेला अर्धा माणूस भिंतीत गेला होता.

सकाळी साडेआठला ऑफिसला निघायचं म्हणून त्याने दार उघडलं, तर दाराशेजारच्या कोपऱ्यात, जिथून पाण्याचे पाइप वर चढतात तिथे, एक राखाडी सदरा, एक पायजमा आणि दोन टाचा एवढाच ऐवज गुडघ्यांवर बसलेला. डोकं भिंतीला असं टेकलेलं की ते प्लॅस्टर करतानाच तिथे बसवलं असावं. हा माणूस उठला तर चार मजली इमारत एका बाजूला कलंडेल, आणि सेक्रेटरी म्हणून पहिला जाब आपल्यालाच विचारतील, असंही सुभाषच्या मनात येऊन गेलं.

"कोण पाहिजे?" त्याने विचारलं.

टाचा हलल्या नाहीत.

"अहो, कोण पाहिजे?"

समोरच्या फ्लॅटमधला कुत्रा भुंकला. खालून वॉचमनने "आलो साहेब" म्हणून हाळी दिली. पलीकडे घणसोली गावातल्या एका गच्चीवर वाळत घातलेल्या सुकटीवरून चार कावळे उडाले. राखाडी सदऱ्यावर सुरकुतीही पडली नाही. सुभाषने चिडून पाय आपटला, तेव्हा कुठे त्या माणसाचा डावा हात वर झाला. तुर्भ्याच्या नाक्यावर पोलीस ट्रक थांबवतो तसा.

मग डोकं भिंतीतून सुटलं. पंचाहत्तरीकडे झुकलेला एक लांबोडा चेहरा वळला. त्याने खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं, हातातली चार फुटी लोखंडी सळई काखेत मारली आणि जुना स्नेही भेटावा तसे डोळे मोठे केले.

"तुम्हीच तेंडोलकर ना? बरं झालं भेटलात. तुमच्या घरातून..."

"माझ्या घरातून काय? माझ्या दाराला कान लावून बसता आणि वर मलाच सांगता?" सुभाष कडाडला. "काय असेल ते लेखी द्या!"

आणि तो जिना उतरून गेला. कान त्याने पाहिलेला नव्हता. पण भिंतीला टेकलेल्या डोक्याचा दुसरा उपयोग त्याला माहीत नव्हता.

सुभाषचा संशय हा काही सकाळपुरता नसे. तो त्याचा पेशा होता. ऐरोलीच्या एका कंपनीत लोकांच्या कागदांवरच्या सह्या खऱ्या की बनावट, हे तपासण्याचं काम तो एकवीस वर्षं करत होता. त्यामुळे लग्नपत्रिका आली तरी तो आधी ती उजेडात धरून बघायचा. अशा माणसाचं घरात कुणी फार ऐकत नाही, तसं त्याचंही ऐकत नसत. मीना, त्याची बायको, बोलायची ती स्वतःचं बोलायची. ऑफिसात त्याच्या वर सहा साहेब होते. जगात त्याचं ऐकून घेणं लोकांना भाग पडावं अशी एकच जागा होती, ती म्हणजे निर्झर सोसायटीचं सेक्रेटरीपद. सोळा फ्लॅटांची बिल्डिंग, पण महिन्याला एकदा पार्किंगमध्ये सोळा खुर्च्या मांडल्या जात आणि सुभाष उभा राहून बोलत असे. त्या पाऊण तासासाठी तो उरलेला महिना काढायचा.

आणि आता ती जागाच धोक्यात होती. नाव निर्झर, पण दुपारी चार वाजले की नळ कोरडे. गच्चीवरची टाकी सकाळी काठोकाठ भरायची आणि चारला तळ दाखवायची. पाणी जात कुठे होतं ते कुणालाच कळत नव्हतं. प्लंबर तीनदा येऊन चहा पिऊन गेला. शेवटी येत्या रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेवर सुभाषने तिसरा विषय लिहिला, 'गावठाणाच्या बाजूने होणारी पाणीचोरी'. आणि तिसऱ्या मजल्यावरच्या शौनकने, जो लॅपटॉपवर जगाच्या समस्या सोडवतो असं त्याची आई सांगे, चौथा विषय लिहायला लावला, 'नवीन सेक्रेटरीची निवड'. पाण्याचा छडा लागला तर चौथा विषय आपोआप गळणार होता. नाही लागला तर सुभाषने उरलेलं आयुष्य बसून ऐकायचं होतं.

"अहो," त्या संध्याकाळी मीना पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "त्या मागच्या बाथरूममध्ये ना..."

"हं," सुभाष म्हणाला. तो विषयपत्रिकेवर सही करत होता. "तो सळईवाला कोण गं?"

"पाटणेकाका. महिना झाला, खाली एकशे चारमध्ये आलेत. पाणीखात्यातून रिटायर झालेत म्हणे. रस्त्याखालचे पाइप कुठे गळतात ते ऐकून सांगायचे. त्यांच्या मिसेस, वैदेहीकाकू, म्हणाल्या."

"ऐकून? पाणी ऐकून?" सुभाष हसला. हे हसू तो बनावट सह्यांसाठी राखून ठेवत असे. "मीना, पाणीखात्यातल्या माणसाच्या हातात पाना असतो. सळई घेऊन दाराशी बसतो तो वेगळ्या खात्यातला."

दुसऱ्या दिवशी नंदकिशोरराव दुसऱ्या मजल्यावर भिंतीला टेकलेले दिसले. तिसऱ्या दिवशी गच्चीवर. चौथ्या दिवशी लिफ्टशेजारी ते असे ओणवे झाले होते की पिशवी घेऊन आलेल्या दोन बायकांनी त्यांना वळसा घालून नमस्कार केला. आणि निर्झर सोसायटीचा स्वभाव बदलला. आठवड्यात ती इतकी सुसंस्कृत झाली की ओळखू येईना. नवरा-बायको एकाच सोफ्यावर बसून मोबाइलवर भांडू लागले. दोनशे तीनमधल्या सासूबाईंनी सुनेला सगळ्यांना ऐकू जाईल असं "बाळा" म्हटलं, आणि सुनेने ताप पाहायला त्यांच्या कपाळाला हात लावला. काही घरांत गप्पा मारायच्या आधी मिक्सर चालू करत. त्यामुळे कुठल्या घरात किती गुपितं आहेत, हे मिक्सरवरून कळू लागलं.

सुभाषच्या दाराशी तर नंदकिशोरराव रोज येत. बेल वाजवत, हात जोडून उभे राहत. सुभाष आतून दाराच्या भिंगातून बघे. भिंगातून तो लांबोडा चेहरा आणखी लांबोडा, सळई तर भाल्यासारखी. सुभाष श्वास रोखून उभा राही. पाच मिनिटांनी म्हातारा निघून जाई. एकदा दाराखालून एक चिठ्ठी आत सरकली. सुभाषने ती चिमटीत उचलली, 'आवक' लिहिलेल्या फाइलमध्ये लावली आणि फाइल कपाटात ठेवली. लोकांना 'लेखी द्या' म्हणणं ही त्याची कामाची पद्धत होती. लेखी दिलेलं वाचावं, असं त्या पद्धतीत कुठे नव्हतं.

इकडे कुंपणापलीकडून विमलबाई सुरू झाल्या. विमलबाई म्हणजे घणसोली गावातल्या, मूळच्या. ज्या खाचरात त्यांनी लग्नानंतर चार पावसाळे भात लावला त्या खाचरात आज निर्झरचं पार्किंग होतं. विषयपत्रिकेवरचा तिसरा विषय त्यांच्यापर्यंत पोचायला अर्धा तासही लागला नव्हता.

"काय रं सेक्रेटरी!" त्या गच्चीवरून ओरडल्या. "माजे दारान बाव हाय, बोरिंग हाय, नल हाय. तुजं पानी नेऊन मी काय करू, आंगोल करू?"

"मी कुणाचं नाव घेतलेलं नाही," सुभाष खालून म्हणाला.

"नाव नाय घेतलास, बोट तर दाखवलंस! रविवारी हतंच बसतंय मी. बोल मग, मी आयकतंय."

सुभाष वर आला तो पूर्ण खात्रीने. विषयपत्रिका बाहेर गेली कशी? पाइपातून ऐकणारा माणूस एकच. हा म्हातारा विमलबाईंचा तरी हेर असणार, नाहीतर शौनकचा. आता सापळा लावायचा.

शनिवारी सकाळी नऊ वाजता, नंदकिशोरराव खालच्या मजल्यावर सळई घेऊन फिरत असल्याची खात्री करून, सुभाषने मीनाला पाइपाच्या भिंतीशी उभं केलं.

"मी काय म्हणतो, मीना," तो भिंतीला उद्देशून, नाटकातल्या राजासारखा म्हणाला, "आपण हा फ्लॅट विकून दापोलीला जाऊ. मी उद्या सभेत राजीनामाच देतो."

"आपलं दापोलीला काही नाहीये," मीना म्हणाली.

"अगं, तू फक्त हो म्हण."

"हो. आणि त्या मागच्या बाथरूममध्ये दिवसभर..."

"बास बास. एवढं पुरे."

हे अर्थातच खोटं होतं. आता ही बातमी बिल्डिंगमध्ये कुणाच्या तोंडून निघते ते पाहायचं, म्हणजे कान कुणाचा ते सिद्ध. सुभाष खुर्चीत टेकून वाट बघू लागला. त्याला फार थांबावं लागलं नाही. अकरा वाजता शौनक पेढे घेऊन आला.

"काका, टेन्शन घेऊ नका. तुम्ही खूप केलंत सोसायटीसाठी. दापोलीला मस्त राहा. मी उद्या फॉर्म भरतोय, बाकी सगळ्यांशी बोलून झालंय."

सुभाषच्या हातात पेढा राहिला. सापळा तर लागला होता, पण त्यात त्याचीच खुर्ची अडकली होती. आपल्या तोंडाने आपला राजीनामा सोळा घरांत गेला, आणि तोही दोन तासांत! त्याने पेढा तसाच ठेवला आणि तीन जिने एका दमात उतरून एकशे चारची बेल वाजवली.

दार वैदेहीकाकूंनी उघडलं. आत नंदकिशोरराव दाराकडे पाठ करून, खिडकीशी पेपर वाचत बसले होते.

"पाटणे!" सुभाष दारातूनच गरजला. "लाज वाटत नाही? माझ्या घरातलं खासगी बोलणं पाइपातून ऐकता आणि गावभर करता?"

नंदकिशोररावांनी शांतपणे पान उलटलं.

"बघा, उत्तरसुद्धा देत नाहीत!"

"कसं देणार?" वैदेहीकाकू म्हणाल्या. "तुम्ही आलात हे त्यांना अजून दिसलेलं नाही."

"दिसायला कशाला हवं? मी ओरडतोय!"

"ओरडा की. मी एकेचाळीस वर्षं ओरडतेय." काकूंनी त्याला खुर्ची दिली. "चार वर्षं झाली, दोन्ही कान गेलेत. आधी वाहायचे, मग पडदे गेले. मशीन लावलं की पुन्हा वाहायला लागतात. जन्मभर लोकांच्या गळत्या शोधल्या, ही एक काही थांबवता आली नाही."

सुभाष बसला. एकवीस वर्षांत इतकी खरी सही त्याच्यापुढे आली नव्हती.

"मग राजीनाम्याची बातमी..."

"ती होय? साडेनऊला गोजराने सांगितली. तुमच्याकडून भांडी घासून थेट इथे येते ना ती. म्हणाली, साहेब भिंतीशी बोलत होते, डोक्याचं काहीतरी झालंय."

गोजरा त्या वेळी स्वयंपाकघरात होती, हे सुभाषला आता आठवलं. ती रोज नऊला स्वयंपाकघरातच असते. पण सळईकडे बघायच्या नादात भांड्यांच्या आवाजाकडे त्याचं लक्षच गेलं नव्हतं. आणि विषयपत्रिकाही तिनेच नेली असणार. विमलबाईंची भांडी तीच घासते.

पण संशयी माणसाचं मन रिकामं राहत नाही. एक संशय गेला तसा लगेच दुसरा येऊन बसला. "म्हणजे हे बहिरे आहेत? आणि बहिरा माणूस आठवडाभर आमच्या बिल्डिंगची गळती ऐकतोय? ही तर सरळ फसवणूक आहे!"

काकूंनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. नंदकिशोरराव वळले, सुभाषला पाहून उठूनच उभे राहिले. काकूंनी पाटीवर खडूने लिहिलं, 'यांना दाखवा.'

नंदकिशोररावांनी कोपऱ्यातली सळई उचलली. तिच्या एका टोकाला लाकडी मूठ होती, पेरूएवढी, आणि त्या मुठीवर दातांचे खोल व्रण होते. त्यांनी उघडं टोक स्वयंपाकघरातल्या पाइपाला टेकवलं, मूठ दातांत घट्ट धरली, डोळे मिटले आणि डोकं भिंतीला टेकवलं. अगदी त्या पहिल्या दिवसासारखं. थोड्या वेळाने मूठ काढून रुमालाने तोंड पुसलं.

"वर कोणीतरी बादली भरतंय," ते म्हणाले. "आता नळ बंद केला. नळ जुना आहे, शेवटी किरकिरतो." बहिऱ्या माणसांसारखं ते एका पट्टीत, जरा मोठ्याने बोलत. "कानाचं दार बंद झालंय, आतलं घर शाबूत आहे, असं डॉक्टर म्हणाले. दातातून जातं मग. माणसाचं बोलणं नाही येत हो यातून. पाणी येतं."

सुभाषने पाटी ओढून घेतली. लिहिलं, 'मग गळती कुठे आहे?'

नंदकिशोररावांनी वाचलं आणि पहिल्यांदाच ते अवघडले. "तुम्ही अजून वाचलं नाही? आमच्या खात्यात एक शिस्त होती. ज्याच्या घरात गळती, त्यालाच आधी सांगायचं. चारचौघांत नाही. माणूस कानकोंडा होतो. मी रोज येऊन गेलो. तुम्ही सगळं लेखी मागता असं हिने पाटीवर लिहिलं, म्हणून मंगळवारी लेखीही दिलं."

सुभाष पुन्हा तीन जिने चढला. कपाट उघडलं. 'आवक' फाइलमध्ये सगळ्यात वर, सुबक अक्षरात, एक ओळ होती: 'आपल्या फ्लॅटमधील न वापरातील संडासाच्या टाकीचे पाणी अहोरात्र वाहत आहे. कृपया पाहावे.'

फ्लॅटला दोन बाथरूम असली की त्यातल्या एकात माणसं अंघोळ करतात आणि दुसऱ्यात सामान ठेवतात. बिल्डर ते कोणत्या कामासाठी बांधतो हा भाग वेगळा. तेंडोलकरांच्या मागच्या बाथरूममध्ये तीन सुटकेसी, मोडका टेबलफॅन, लेक क्षिप्रा हिची दहावीची पुस्तकं आणि सगळ्यांच्या पुढे गणपतीचं मखर होतं. सुभाषने मखर बाहेर काढलं. त्यामागे कमोड, त्याच्यावर टाकी, आणि टाकीतून कमोडात, न थांबता, न थकता, अंगठ्याएवढी धार. विसर्जनानंतर मखर आत कोंबताना टाकीचं झाकण सरकून आतला तरंगणारा गोळा दबून वाकडा झाला होता. त्याला सात महिने झाले होते. निर्झर सोसायटीची अर्धी टाकी सात महिने सेक्रेटरीच्या घरातून, मखराच्या मागून, गटारात जात होती.

मीना दारात उभी होती.

"तू सांगितलं का नाहीस?" सुभाषने विचारलं.

मीनाने त्याच्याकडे पाहिलं. सात महिन्यांतले सगळे 'हं' त्या नजरेत ओळीने उभे होते. सुभाषने खाली वाकून टाकीचा कॉक बंद केला.

रविवारी टाकी संध्याकाळी पाचलाही भरलेली होती. पार्किंगमध्ये सोळा खुर्च्या लागल्या. पहिल्या रांगेत नंदकिशोरराव, काहीही ऐकू येत नसताना प्रसन्न चेहऱ्याने. कुंपणापलीकडे गच्चीवर विमलबाई, सांगितल्याप्रमाणे.

"काल एक तांत्रिक दुरुस्ती करण्यात आली आहे," सुभाष उभा राहून म्हणाला. "तिसरा विषय रद्द."

"कुठे केली दुरुस्ती, काका?" शौनकने विचारलं. "लोकांना कळायला हवं."

"तांत्रिक बाब आहे."

"पाटणेकाकांनी शोधली ना? मग त्यांनाच विचारू." शौनकने कागदावर प्रश्न लिहून पुढे केला.

सुभाष विषयपत्रिका चाळू लागला. नंदकिशोररावांनी कागद वाचला, चष्मा काढला, सुभाषकडे पाहिलं. मग कागद घडी करून खिशात ठेवला. "मिळाली," ते मोठ्याने म्हणाले. "ज्याला सांगायचं त्याला सांगितलं."

लगेच कुजबूज सुरू झाली. सोळा घरं एकमेकांकडे बघू लागली. दोनशे तीनच्या सुनेने सासूकडे पाहिलं. कुणीतरी म्हणालं, "तरी मला वाटलंच, तळमजल्यावरच..." आणि तळमजल्यावरचा उठून उभा राहिला. आठवडाभराचा मिक्सर एका मिनिटात बंद झाला. शेवटी कुणीतरी नंदकिशोररावांकडेच बोट केलं. "ह्यांच्याच घरात असेल! म्हणून तर सांगत नाहीत!"

नंदकिशोरराव त्या बोटाकडे बघून हसले आणि त्यांनी नमस्कार केला. आपलं कौतुक चाललंय असं त्यांना वाटलं.

सुभाषने तोंड उघडलं. सेक्रेटरीपदाच्या सहा वर्षांत पहिल्यांदाच त्याच्या आधी दुसरं कुणी बोललं.

"आमच्या घरात होती," मागून मीना म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "मागच्या बाथरूममध्ये. सात महिने."

निर्झर सोसायटीच्या सभेत इतकं नीट ऐकून घेतलेलं हे पहिलंच वाक्य.

"आन् मना चोर बोल्लास ता?" गच्चीवरून आवाज आला.

"चुकलं माझं," सुभाष म्हणाला. मग वर मान करून, गच्चीपर्यंत जाईल असं पुन्हा म्हणाला, "चुकलं, विमलबाई."

"बरा झाला बोल्लास. बस आता खाली."

तो बसला. नंदकिशोररावांनी वाकून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. काय झालं ते त्यांना वैदेहीकाकूंनी घरी गेल्यावर पाटीवर लिहून सांगितलं.

चौथ्या विषयाला शौनक उभाच राहिला नाही. सेक्रेटरीला रोज सकाळी सहाला खालचा पंप चालू करावा लागतो, हे त्याला तोपर्यंत कळलं होतं. दुसरं कुणी तयार नव्हतं, म्हणून सुभाषच राहिला. आता तो मीनाचं बोलणं संपेपर्यंत थांबतो. मात्र ते खरं आहे का, हे नंतर जाऊन बघतो.

मे महिन्यात नंदकिशोररावांचे उरलेले दात काढले आणि कवळी बसवली. कवळीतून काही ऐकू येत नाही.